रेडिओलॉजीच्या आधीचे वर्ष : ट्रान्झिशनल इयरच्या अर्जाविषयी

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतील रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज करणाऱ्या ज्युनिअर मंडळींचे संदेश मला येऊ लागतात. त्यांतील बहुतेकांना रेडिओलॉजी, ॲनेस्थेशिया किंवा फिजिकल मेडिसिन हवे असते. त्यांची सारी चौकशी त्या शाखेच्या मुलाखती, शोधनिबंध आणि अमेरिकी परवाना परीक्षेच्या ‘स्टेप २’ या टप्प्याचे गुण यांभोवती फिरते आणि बोलणे संपता संपता एक प्रश्न येतो : "ताई, त्या पहिल्या वर्षाचे काय? ते कुठेही मिळाले तरी चालेल ना?" हा लेख त्या शेवटच्या प्रश्नाविषयी आहे, कारण माझ्या मते आपल्याकडच्या पदवीधरांच्या अर्जात सर्वांत कमी विचार केलेला आणि म्हणूनच सर्वांत कच्चा राहणारा भाग तोच असतो.

आपल्याकडे एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाली की नीट-पीजीच्या क्रमांकावर थेट एमडी रेडिओलॉजीला प्रवेश मिळतो आणि तीन वर्षांत माणूस रेडिओलॉजिस्ट होतो. अमेरिकेत रेडिओलॉजीची चार वर्षे सुरू होण्यापूर्वी एक वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेत काढावे लागते. काही प्रोग्रॅम हे वर्ष स्वतःच देतात आणि त्यांच्या जागांना ‘कॅटेगॉरिकल’ म्हणतात. परंतु रेडिओलॉजी, त्वचारोग, रेडिएशन ऑन्कॉलॉजी, फिजिकल मेडिसिन आणि काही प्रमाणात ॲनेस्थेशिया या शाखांतील अनेक जागा ‘ॲडव्हान्स्ड’ असतात, म्हणजे त्या दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात आणि पहिले वर्ष उमेदवाराने निराळा अर्ज करून मिळवायचे असते. उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीच्या याद्या संगणकावर जुळवून जागा देण्याच्या प्रक्रियेला ‘मॅच’ म्हणतात. मार्चमध्ये ज्याचा मॅच होतो, तो त्याच वर्षीच्या जुलैत या पहिल्या वर्षाला लागतो आणि आपल्या खऱ्या शाखेत पाऊल टाकतो ते त्याच्या पुढच्या जुलैत. ही दोन वर्षे दोन वेगळ्या राज्यांतील दोन वेगळ्या रुग्णालयांत जाणे ही तिथे नेहमीची गोष्ट आहे.

हे वर्ष तीन प्रकारांनी करता येते : प्रिलिमिनरी मेडिसिन, प्रिलिमिनरी सर्जरी किंवा ट्रान्झिशनल इयर. पहिल्या दोन प्रकारांत तुम्ही त्या त्या विभागाच्या इंटर्नांबरोबर, त्यांच्याच वेळापत्रकानुसार राबता. ट्रान्झिशनल इयर हा मात्र एसीजीएमई या प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची स्वतंत्र मान्यता असलेला एका वर्षाचा प्रोग्रॅम असतो. त्यात किमान २४ आठवडे मेडिसिन, सर्जरी, बालरोग यांसारख्या मूलभूत शाखांत जातात, इमर्जन्सी आणि बाह्यरुग्ण विभागाचे काम ठरलेले असते आणि किमान ८ आठवडे उमेदवाराच्या निवडीच्या विषयांसाठी राखलेले असतात. आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा तिन्ही प्रकारांना सारखीच लागू आहे, पण प्रत्यक्षात ट्रान्झिशनल इयरचे ओझे बहुधा हलके असते आणि त्याची कीर्तीही तशीच आहे. न्यूरॉलॉजीकडे जाणाऱ्यांनी मात्र या कीर्तीला भुलू नये. त्या शाखेला पहिल्या वर्षात मेडिसिनचे बरेच महिने लागतात आणि सगळीच ट्रान्झिशनल इयर ती अट पुरी करत नाहीत.

घरी हे समजावून सांगताना आईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे पुन्हा इंटर्नशिपच की!" तिचे म्हणणे खोटे नव्हते. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर आपण करतो ती वर्षभराची सक्तीची फिरती इंटर्नशिप आणि हे ट्रान्झिशनल इयर यांत रचनेच्या दृष्टीने फार अंतर नाही. अंतर आहे ते हिशेबात : भारतातील इंटर्नशिप तिकडे पहिले वर्ष म्हणून धरली जात नाही, मग ती कितीही मोठ्या सरकारी रुग्णालयात झालेली असो. ही गोष्ट अनेकांना अपमानास्पद वाटते आणि त्या रागात ते आपल्या इंटर्नशिपला अर्जात दोन ओळींत गुंडाळून टाकतात. मला ते सर्वस्वी उलटे वाटते. रेडिओलॉजीच्या प्रोग्रॅमला तुमच्या इंटर्नशिपशी फारसे देणेघेणे नसेल, पण ट्रान्झिशनल इयरचा संचालक तुमच्याकडून नेमके तेच वर्ष करवून घेणार आहे. ते वर्ष तुम्ही एकदा कसे पार पाडले, याहून त्याच्या उपयोगाची माहिती तुमच्या साऱ्या अर्जात दुसरी नसते.

आता स्पर्धेविषयी. ट्रान्झिशनल इयरच्या जागा प्रिलिमिनरी जागांच्या मानाने कमी, एकेका प्रोग्रॅममध्ये बहुधा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच, आणि त्यांच्यासाठी रांगेत उभे असतात ते त्वचारोग, रेडिओलॉजी, रेडिएशन ऑन्कॉलॉजी यांना जाणारे अमेरिकी विद्यार्थी, म्हणजे आपापल्या वर्गातील अव्वल मुले. त्यामुळे एक विचित्र परिस्थिती निर्माण होते : रेडिओलॉजीची चार वर्षांची जागा मिळालेला परदेशी पदवीधर एका वर्षाच्या जागेसाठी मात्र ताटकळत राहतो. ज्या रुग्णालयांत हे प्रोग्रॅम असतात, ती पुष्कळदा मध्यम आकाराची, विद्यापीठाच्या मुख्य आवारापासून दूर असलेली असतात, आणि परदेशी उमेदवाराच्या व्हिसाची कटकट एका वर्षासाठी कशाला घ्यायची, असा त्यांचा साधा विचार असतो. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही बहुधा असाच विचार केला असता.

म्हणून यादी करण्याचे काम सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीने करावे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘फ्रीडा’ या माहितीकोशात प्रत्येक प्रोग्रॅमची नोंद असते, पण व्हिसाच्या रकान्यावर विसंबू नये, कारण ती माहिती नेहमीच ताजी असते असे नाही. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावे, आणि तिथेही स्पष्ट नसेल तर कोऑर्डिनेटरला चार ओळींचा ई-मेल लिहून तीन गोष्टी विचाराव्यात : जे-१ हा प्रशिक्षणासाठीचा व्हिसा चालतो का, पदवीच्या वर्षाची काही मर्यादा आहे का आणि अमेरिकेतील प्रत्यक्ष कामाचा अनुभव किती महिन्यांचा लागतो. ई-मेलच्या सुरुवातीला आपली थोरवी सांगू नये. कोऑर्डिनेटर ही त्या कार्यालयातील सर्वांत कामात बुडालेली आणि सर्वांत जास्त स्मरणशक्ती असलेली व्यक्ती असते. मला आलेल्या उत्तरांपैकी बहुतेक एकाच साच्यातली होती, ‘सध्या आम्ही व्हिसा पुरस्कृत करत नाही’. यादी झरझर आखडत गेली, पण ती सप्टेंबरपूर्वी आखडली याचे मला बरे वाटले, कारण अर्जाचे शुल्क शाखेनिहाय आकारले जाते आणि एका शाखेत तीसहून अधिक अर्ज केले की पुढच्या प्रत्येक अर्जाचा दर अडीच पटीहून जास्त होतो. ट्रान्झिशनल इयर ही या हिशेबात स्वतंत्र शाखा धरतात, तर प्रिलिमिनरी मेडिसिन इंटर्नल मेडिसिनच्या खात्यात जाते. दोन्हींकडे मिळून अर्ज वाटले तर खर्च आवाक्यात राहतो आणि जाळेही रुंद पडते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या मागे लागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की त्यासाठी ‘स्टेप ३’ आधीच उत्तीर्ण असावी लागते आणि ती परीक्षा अमेरिकेत जाऊनच द्यावी लागते.

पर्सनल स्टेटमेंट वेगळे लिहावे लागते, हे सर्वांना ठाऊक असते, तरी पुष्कळ जण रेडिओलॉजीच्या स्टेटमेंटचा शेवटचा परिच्छेद बदलून तेच इकडे पाठवतात. एक्स-रेच्या प्रकाशपेटीवर जडलेले प्रेम वाचून ट्रान्झिशनल इयरच्या संचालकाने काय करायचे? त्याला हवा असतो रात्री दोन वाजता नर्सचा फोन आल्यावर उठून वॉर्डात जाणारा, आपल्याला काय येत नाही हे वेळेत सांगणारा आणि वर्षभर कुरकुर न करणारा इंटर्न. पुढे कोणत्या शाखेत जायचे आहे हे एका वाक्यात प्रामाणिकपणे सांगून टाकावे, ते लपवण्यात अर्थ नाही, आणि उरलेली जागा रुग्णसेवेला द्यावी.

मी रायगड जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या पोस्टिंगविषयी लिहिले. भातलावणीच्या दिवसांत पायाला साप चावलेला एक शेतमजूर संध्याकाळी आणला गेला. घोट्यापर्यंत सूज चढलेली होती, साप कुणी नीट पाहिला नव्हता आणि नातेवाइकांपैकी एकाचे ठाम मत होते की ती घोणस होती. अशा वेळी केंद्रात करता येण्याजोगी एक साधी तपासणी असते : दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे, ती नळी वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची आणि मग अलगद तिरकी करायची. रक्त गोठलेले नसेल तर विषाने गोठण्याची क्रिया बिघडवली आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. नळीजवळ बसून घड्याळ पाहण्याचे काम माझ्याकडे होते. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली तेव्हा रक्त पाण्यासारखे काठाकडे वाहत आले. वैद्यकीय अधिकारी सरांनी प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू केल्या, मी दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब आणि अंगावर पित्त उठते का ते नोंदवत राहिले आणि १०८ ची रुग्णवाहिका आल्यावर तो कागद रुग्णासोबत पाठवला.

या प्रसंगात मी काही पराक्रम केला नव्हता आणि स्टेटमेंटमध्ये तसा आवही आणला नाही. आपल्याकडच्या गोष्टी, साप, पूर, गर्दीने फुटलेले वॉर्ड, परदेशी वाचकापुढे नवलाईच्या म्हणून मांडण्याचा मोह होतो आणि सल्लागार मंडळीही तेच सुचवतात. मला तो प्रकार पटत नाही. मी लिहिले ते घड्याळ, नोंदी आणि रुग्ण पुढे पाठवताना दिलेली माहिती यांविषयी, कारण इंटर्नच्या कामाचा गाभा तोच आहे, मग ते केंद्र कोकणात असो वा ओहायोत. एका मुलाखतीत संचालकांनी शांतपणे विचारले, "ती नळी कुणी साबणाने धुतलेली असती तर?" प्रश्न मोठा मार्मिक होता. काचेच्या संपर्काने रक्त गोठण्याची साखळी सुरू होते, नळीत डिटर्जंटचा अंश राहिला असेल तर ती नीट सुरू होत नाही आणि निरोगी माणसाचे रक्तही पातळच राहते, म्हणून शंका असल्यास नातेवाइकाचे रक्त दुसऱ्या नळीत सोबत लावायचे असते. हे सांगितल्यावर पुढची पाच मिनिटे आम्ही दोघेही तपासणीच्या साधनांवर किती विश्वास टाकावा याविषयी बोलत होतो. रेडिओलॉजीचा विषय त्या मुलाखतीत निघालाच नाही.

शिफारसपत्रांपैकी किमान एक मेडिसिनमधील डॉक्टरांचे असावे आणि त्यांनी तुम्हाला रुग्णांसोबत काम करताना पाहिलेले असावे. रेडिओलॉजीतील प्रसिद्ध नावाचे पत्र इथे दुय्यम ठरते. एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त चार पत्रे लावता येतात आणि कोणत्या प्रोग्रॅमला कोणती लावायची हे आपल्या हातात असते, तेव्हा दोन निरनिराळे संच करावेत. महाविद्यालयाकडून जाणाऱ्या, विद्यार्थ्याच्या कामगिरीचा आढावा देणाऱ्या एमएसपीई या पत्राची गोष्ट निराळी. ते आपल्या विद्यार्थी विभागाला अपरिचित असते आणि ज्या टेबलावर ते तयार व्हायचे, तिथल्या बाबूंना त्याचा नमुना, शिक्क्याची जागा आणि मुदत हे सारे आपणच नेऊन द्यावे लागते. गणेशोत्सवाच्या सुट्ट्या नेमक्या त्याच काळात येतात, हे पंचांग पाहूनच ठरवावे. महाविद्यालयाच्या मान्यतेची चिंता मात्र आता बरीचशी मिटली आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला डब्ल्यूएफएमई या वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक संघटनेची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली.

मुलाखती २०२० पासून बहुतांशी संगणकावरूनच होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरची सकाळी आठची मुलाखत आपल्याकडे आधी संध्याकाळी साडेपाचला असते ती साडेसहाला होते. निमंत्रण आल्या क्षणी दोन्ही वेळा कागदावर लिहून ठेवाव्यात.

आता रँक लिस्ट, जिथे माझ्या पाहण्यातली हुशार माणसेही गोंधळतात. मॅचच्या यंत्रणेत दोन याद्या असतात. मुख्य यादीत तुम्ही ॲडव्हान्स्ड प्रोग्रॅम पसंतीच्या क्रमाने लावता आणि त्यांतील प्रत्येकाला पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमची एक पूरक यादी जोडता येते. संगणक आधी मुख्य यादी चालवतो. तुम्हाला, समजा, क्लीव्हलँडमधील रेडिओलॉजी मिळाली, तर त्या नोंदीला जोडलेली पूरक यादी उघडली जाते आणि तिच्यातील क्रमाने ट्रान्झिशनल किंवा प्रिलिमिनरी जागा शोधली जाते. मुख्य यादीत काहीच मिळाले नाही तर पूरक यादी उघडतच नाही. पूरक यादीत काही मिळाले नाही, तरी रेडिओलॉजीची जागा जात नाही. हे एवढे समजले की बाकीचे आपोआप सुचते. क्लीव्हलँडच्या नोंदीला ओहायो आणि आसपासची रुग्णालये वर ठेवून एक यादी जोडता येते आणि टेक्ससच्या नोंदीला दुसरी. आवडत्या ट्रान्झिशनल इयरनंतर प्रिलिमिनरी मेडिसिन, आणि रात्री झोप हवी असेल तर त्याखाली प्रिलिमिनरी सर्जरीही लावावी. ‘सर्जरी नको रे बाबा’ म्हणून यादी आखूड ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना शेवटी सर्जरीच करावी लागली, तीही सोमवार ते गुरुवारच्या धावपळीत मिळवून.

कारण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातील सोमवारी जो ई-मेल येतो त्यात हो आणि नाही यांखेरीज तिसरेही एक उत्तर असते : ॲडव्हान्स्ड जागा मिळाली, पहिले वर्ष मिळाले नाही. आई-वडील पेढे आणायला निघालेले असतात आणि आपण तोच ई-मेल पुन्हा वाचत असतो. असा उमेदवार मग ‘सोप’ या पूरक प्रक्रियेत उतरतो, जास्तीत जास्त ४५ अर्ज करतो, फोनवर दहा-दहा मिनिटांच्या मुलाखती देतो आणि गुरुवारच्या फेऱ्यांत जागा स्वीकारतो. त्या वेळी रिकाम्या राहिलेल्या जागांत प्रिलिमिनरी सर्जरीचा भरणा मोठा असतो, ट्रान्झिशनल इयर विरळाच. रेडिओलॉजीची जागा हातात असल्याने हा उमेदवार बलवान असतो आणि त्याला बहुधा काहीतरी मिळतेच, पण तो आठवडा वैऱ्यावरही येऊ नये.

मुलाखतीत आणि करारपत्रात तारखांकडेही पाहावे. काही ठिकाणी वर्ष २३ किंवा २४ जूनला संपते, काही ठिकाणी थेट ३० जूनला, आणि रेडिओलॉजी १ जुलैला दुसऱ्या राज्यात सुरू होत असते. घर आवरणे, सामान हलवणे आणि नव्या रुग्णालयासाठी जे-१ची कागदपत्रे यांना मधला आठवडा फार मोलाचा ठरतो. तो मिळत नसेल तर शेवटच्या आठवड्यासाठी रजा राखून ठेवावी आणि हे वेळापत्रक ठरवणाऱ्या चीफ रेसिडेंटला आदल्या उन्हाळ्यातच सांगावे.

राहिला प्रश्न ॲडव्हान्स्ड जागा नसताना नुसते ट्रान्झिशनल इयर घ्यावे का याचा. मुख्य यादीच्या शेवटी अशी जागा स्वतंत्रपणे लावता येते आणि अनेक जण ती ‘निदान दार तरी उघडेल’ म्हणून लावतात. माझे मत सावध आहे. वर्ष जुलैत सुरू होते आणि नव्या मोसमाचे अर्ज सप्टेंबरमध्येच जातात, म्हणजे नवे रुग्णालय, नवी संगणकप्रणाली आणि नवी भाषाशैली अंगवळणी पडण्याच्या आतच तुम्हाला पुन्हा अर्जदार व्हावे लागते. वर्ष संपल्यावर जागा नसेल तर व्हिसाचा आधारही जातो. तरीही हा मार्ग काहींना फळतो, विशेषतः पहिले वर्ष झालेल्यांसाठी राखलेल्या, त्याच जुलैत सुरू होणाऱ्या ‘आर’ जागांमुळे. तेव्हा अशी जागा यादीत लावण्यापूर्वी मुलाखतीतच दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : संचालक सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शिफारसपत्र देतील का, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमधील मुलाखतींसाठी वॉर्डातून मोकळीक मिळेल का. पहिल्या प्रश्नाला ‘पाहू’ असे उत्तर आले, तर ती जागा मी यादीत लावणार नाही.